खाड्याचे दिवस

“सरक बाय, म्हस येतीय,” आबा म्हणाले.

दुपारचे चार वाजत आले होते. आबा, म्हणजे माझे वडील, गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्या पुढ्यात उभी राहून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला वाटलं, थट्टा करताहेत. ते थट्टा नेहमीच गंभीर चेहऱ्यानं करत. मी वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या बाजूनं, कमरेच्या उंचीवरून, सावकाश हॉलमधून स्वयंपाकघराकडे चालली होती. कुणाला तरी दारापर्यंत पोचवून यावं तशी ती नजर आत गेली आणि परत आली. मग त्यांनी मान हलवली. म्हणजे गेली, आता काळजी नाही.

मी सरकले होते. भिंतीला पाठ लावून, हातात त्यांचा सदरा घेऊन मी उभी होते. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, नसलेल्या म्हशीला वाट देत होती. मला इतकी भीती त्याआधी एकदाच वाटली होती, आई गेली त्या सकाळी.

धायरी गाव होतं तेव्हा आमच्या गोठ्यात अकरा म्हशी होत्या. आबा पहाटे धारा काढायचे, सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे आणि सदाशिव पेठेत रतीब घालायला जायचे. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. पुढे रानात इमारती आल्या, गोठ्याच्या जागेवर आमच्या सोसायटीचं पार्किंग झालं आणि आम्हाला वर दोन फ्लॅट मिळाले. एक धाकट्या भावाचा, तो त्यानं भाड्यानं दिला आणि हिंजवडीतल्या नोकरीसाठी वाकडला राहायला गेला. दुसऱ्यात आबा आणि मी. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे आता एकेक करून संपत आलेत, त्यामुळे तो प्रश्नही मिटत आलाय.

आजार उजव्या हातापासून सुरू झाला. अंगठा आणि दोन बोटं आपोआप एकमेकांवर घासत राहायची. पाहुणे हसायचे, की म्हशी विकल्या तरी आबांचा हात अजून धारच काढतोय. आबाही हसायचे. मग पावलं आखूड झाली, आवाज बसला, चेहऱ्यावरचं हसू उशिरा यायला लागलं. सदाशिव पेठेतल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा खोलीत चालवलं, मनगट धरून कोपर वाकवून पाहिलं आणि सांगितलं, पार्किन्सन. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. अर्धी पिवळी गोळी, दिवसातून तीनदा.

आता दुधाचं सांगायला हवं. आमच्या घरात देवापेक्षा दुधावर जास्त विश्वास. ताप आला, दूध. पडलं-झडलं, हळद घालून दूध. औषध रिकाम्या पोटी घेऊ नये, आतडी जाळतं, हे आईनं आम्हाला शुभंकरोतीच्या आधी शिकवलं असेल. त्यामुळे डॉक्टरांनी “गोळी तीनदा” म्हटलं तेव्हा मी ती कशाबरोबर द्यायची हे विचारलंच नाही. गवळ्याच्या घरात हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक गोळीबरोबर अर्धा पेला कोमट दूध, तेही म्हशीचं, आणि साय काढायची नाही. पिशवीच्या दुधाला आबा खडूचं पाणी म्हणायचे. खडकवासल्याच्या बाजूला आमच्या चुलत घराण्यात अजून दोन म्हशी होत्या, तिथून आमचं दूध यायचं.

गोळीचा म्हणावा तसा गुण येईना. डॉक्टर दर खेपेला विचारत, “गोळी वेळेवर देता ना?” मी म्हणे, हो, घड्याळ लावून. ते लिहीत. अर्धीची एक झाली. तीनदाची चारदा झाली. एकाची दीड झाली. दोन वर्षांत असं होत गेलं आणि प्रत्येक वेळी आबांची चाल सुधारायची ती जेमतेम. मी खूश, की चला, थोडं तरी. पाच मिनिटांची भेट, बाहेर पंधरा माणसं आणि दारावर पाटी, की डॉक्टरांशी फक्त आजाराबद्दलच बोलावे. आम्ही आजाराबद्दलच बोलत होतो.

म्हशी यायला लागल्या त्या या दीड गोळीनंतर.

त्या पहिल्या दुपारी मी कुणाला काही बोलले नाही. दोन दिवसांनी म्हैस परत आली. या वेळी तिच्यामागे रेडकू होतं. आबांनी त्याच्यासाठी खुर्चीखाली हात नेऊन चुचकारलं. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, की वैरण टाकलीस का. मी म्हटलं, टाकली. खोटं बोलताना माझा आवाज इतका सहज आला, की त्याचीच मला धास्ती वाटली. रोज थोडं थोडं त्यांच्या जगात शिरून मी त्यांना बाहेर कशी काढणार होते?

आणि मग तो मंगळवार. मी कुकर लावत होते. हॉलमध्ये आले तर खुर्ची रिकामी, दार सताड उघडं, गॅलरीतली कपड्यांची दोरी गायब. ज्या माणसाला संडासापर्यंत जायला माझा हात लागायचा, तो माणूस तीन जिने उतरून गेला होता. मी अनवाणी धावत सुटले. आबा पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये उभे होते आणि एका स्कूटरच्या हॅण्डलला दोरीचं दावं बांधत होते. गाठ बरोबर गोठ्यातली. हात अजिबात थरथरत नव्हता. सोसायटीचं फाटक उघडं होतं आणि पलीकडच्या रस्त्यावरून पाण्याचे टँकर एकामागोमाग एक चालले होते. “सुटली हुती,” ते म्हणाले, “रस्त्याला गेली आस्ती.” मी त्यांना वर आणलं, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाऊजमध्ये ठेवली.

भाऊ रविवारी आला. आल्याआल्या त्यानं फोनवर वाचून आणलेलं सांगितलं. आजाराची पुढची स्टेज असते, बुद्धी जायला लागते, आधी भास होतात, मग माणसं ओळखत नाहीत. “ताई, आपल्याला अ‍ॅक्सेप्ट करायला हवं,” तो म्हणाला. मी म्हटलं, तू वाकडला बसून अ‍ॅक्सेप्ट कर, मी इथं दार लावते. तो वाईट नाही. माझ्याइतकाच घाबरला होता, फक्त त्याला घाबरून परत जाता येत होतं.

तो गेल्यावर मी गोळीच्या खोक्यातला घडी घातलेला कागद उलगडला. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. आबांचं भिंग घेऊन वाचत बसले. मळमळ, चक्कर, झोप, हातपाय वेडेवाकडे हलणे, आणि त्या रांगेत साळसूदपणे बसलेला एक शब्द, भास. मी तो तीनदा वाचला. म्हणजे आजारानंही म्हशी येतात आणि गोळीनंही येतात. आजारानं येत असतील तर माझे वडील हळूहळू जात होते आणि माझ्या हातात काही नव्हतं. गोळीनं येत असतील तर त्यांना मीच दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून, दुधाबरोबर वेड पाजत होते. यातलं कुठलं खरं ठरावं अशी इच्छा करायची, हेही मला कळेना.

दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, डॉक्टर फोनवर बोलत नाहीत, तीन आठवड्यांनंतरची वेळ आहे, देऊ का? मी म्हटलं, द्या. तीन आठवडे मी किल्ली ब्लाऊजमध्ये ठेवून काढायचे होते.

म्हणून मी माझ्या अकलेनं एक प्रयोग केला. पुढच्या रविवारी अकराची गोळी दिली नाही आणि तीनचीही दिली नाही. बघू या, म्हशी येतात का. म्हशी आल्या नाहीत. पाचच्या सुमाराला आबा बाथरूमच्या उंबऱ्यात अडकले. एक पाऊल आत, एक बाहेर. पुढे होईना, मागे होईना. मी हाताला धरलं तर हात लाकडासारखा कडक. “आबा, बसा खाली,” म्हटलं तर बसता येईना. ओठ हलत होते, आवाज नव्हता, लाळ हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होती. फक्त डोळे जिवंत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. त्या डोळ्यांत भीती होती. म्हशींना बघताना त्या डोळ्यांत कधीच भीती नव्हती, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

मी त्यांना मिठी मारून धरून ठेवलं, कारण सोडलं असतं तर ते सरळ पडले असते. एका हातानं कशीबशी खुर्ची ओढली, त्यांना टेकवलं. गोळी चुरडली, दुधात कालवली आणि चमच्या चमच्यानं घशाखाली जाते की नाही ते बघत पाजली. भावाला फोन केला, तो म्हणाला निघालो. ती गोळी लागू पडायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी माझ्या ओळखीच्या सगळ्या देवांना नवस बोलले, ज्यांच्याबद्दल मी एरवी कुत्सितपणे बोलते त्यांनासुद्धा.

भाऊ पोचला तेव्हा आबांचा हात जरा सैल पडला होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

“बाय, गोळी नगं बंद करू,” ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. “म्हशी येऊ देत. त्यांचं काय, येत्यात आन् जात्यात.”

मला रडू कोसळलं. त्यांना ठाऊक होतं, मी मुद्दामच दिली नव्हती.

भेटीच्या दिवशी मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि पिशवीत टाकलं. त्याचं कारण असं, की आमच्या घरात जे काही लिहायचं ते कॅलेंडरवर. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली मारायची, त्याला खाडा म्हणायचं. रतीब घालणाऱ्याच्या घरी आणि घेणाऱ्याच्या घरीही हीच रीत. चुलत्यांच्या दोन म्हशींपैकी एक गाभण होती, आटत चालली होती, त्यामुळे गेले दोन महिने दूध कधी यायचं, कधी नाही. मी सवयीनं फुल्या मारत होते. आणि म्हशी दिसल्याच्या दिवशी त्याच चौकोनात छोटा गोल काढत होते, पेन्सिलीनं, म्हणजे कुणी विचारलं तर खोडता यावा.

दवाखान्याच्या जिन्यात आबा दर वेळेसारखे थांबले. त्या जागी पूर्वी वाडा होता आणि त्या वाड्यात ते दूध घालायचे. डॉक्टरांच्या वडिलांच्याच घरी. डॉक्टर तेव्हा चड्डीत फिरत आणि पातेलं घेऊन दारात येत. हे सांगताना आबांना अभिमान वाटायचा आणि खाली मान घालून बोलायची जुनी सवयही लगेच परत यायची. “उलट काय इचारू नगंस,” ते मला म्हणाले, “मोठी मानसं हायत.” मी पिशवीतलं कॅलेंडर चाचपलं. डॉक्टर चिडले आणि म्हणाले, तुम्हीच डॉक्टर झालात तर इथं कशाला येता, तर मी काय करणार होते? दुसरा डॉक्टर कुठला शोधणार होते?

मी सगळं एका दमात सांगितलं. म्हशी, दावं, टँकर, कागदावरचा शब्द. मी गोळ्या चुकवल्या तेही सांगितलं. ते सांगताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. “असं पुन्हा कधीही करायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.” मग त्यांनी हात पुढे केला आणि कॅलेंडर मागितलं.

ते पान उलटत राहिले. मागचा महिना, चालू महिना, परत मागचा. बाहेर कुणीतरी खोकत होतं.

“हे गोल म्हणजे म्हशी दिसल्या तो दिवस?”

“हो.”

“आणि या फुल्या?”

“ते काही नाही. खाडे आहेत. दूध आलं नाही त्या दिवशीचे.”

त्यांनी कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. मी दोन महिने रोज ते बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. जिथं फुली होती, जवळजवळ तिथंच गोल होता. दूध आलेल्या दिवशी एखादाच चुकार.

“गोळी कशाबरोबर देता?” त्यांनी विचारलं.

“दुधाबरोबर. दूध नसेल तेव्हा पाण्याबरोबर. पिशवीचं ते पीत नाहीत.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग समजावून सांगितलं. दुधातली प्रथिनं आणि ही गोळी शरीरात एकाच दारानं शिरतात. दोघं बरोबर आले तर दूध पुढे घुसतं आणि गोळी दारात ताटकळते. म्हणून सुरुवातीपासून गुण कमी दिसला. म्हणून ते डोस वाढवत गेले. आणि खाड्याच्या दिवशी दार मोकळं, दीड गोळी सगळीच्या सगळी आत. अंग मोकळं व्हायचं, त्या दिवशी तीन जिनेही उतरता यायचे, आणि म्हशीही यायच्या.

“मी हे विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “विचारलं नाही.”

मी म्हटलं, आणि मी सांगितलं नाही. आठवीच्या मुलांना मी तीस वर्षं सांगत आले, की प्रयोगात काय काय बदललं ते सगळं लिहा, क्षुल्लक वाटलं तरी लिहा. लिहिलं होतं मी. वाचलं नव्हतं.

“मग पहिल्या अर्ध्या गोळीनंच भागलं असतं का?”

“कदाचित,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बोलणं गोड केलं नाही याबद्दल मला त्यांचा राग आला आणि त्यासाठीच आदरही वाटला. तो एक शब्द मी अजून गिळू शकलेले नाही. दोन वर्षं.

डोस आठवड्या-आठवड्यानं कमी करायचा ठरला. गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास. दूध प्यायचं तर गोळीपासून लांब, झोपताना. आबा हे सगळं कान देऊन ऐकत होते. उठताना त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, “उभा जलम पेठंतली मानसं म्हनायची, ह्यो दुधात पानी घालतो. आता तुमीच म्हनताय, नुसतं पानी घे.” डॉक्टर हसले. मला मात्र हसू आलं नाही. मला वाटत होतं, की हा जो माणूस अजून असा बोलू शकतो तो मी हातानं घालवत होते.

पहिले दोन आठवडे मी मांजरीसारखी त्यांच्या आसपास होते. डोस कमी झाल्यावर आखडतील की काय, पुन्हा उंबऱ्यात अडकतील की काय. अडकले नाहीत. उलट चेहरा जरा हलायला लागला. गोल कमी झाले. तिसऱ्या आठवड्यात एक. मग पूर्ण महिना कोरा. मी किल्ली परत खिळ्याला लावली. भावाला फोन करून सांगितलं, की तुझं ते अ‍ॅक्सेप्ट करायचं जरा पुढे ढकल. तो फोनवर रडला.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. आबा आता आपणहून म्हशींचं काही बोलत नव्हते, त्यामुळे कळायला मला एकच मार्ग होता, त्यांना विचारणं. रोज संध्याकाळी मी विचारायची, आज आल्या होत्या का? ते म्हणायचे, न्हाई. मी चौकोन कोरा ठेवायची. डॉक्टर त्या चौकोनांवरून पुढचा डोस ठरवायचे, गोल दिसला की गोळी आणखी कमी. आणि मी एकदा म्हशींपायी गोळी बंद केली होती, तेव्हा काय झालं होतं, हे आबा विसरलेले नव्हते.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, तीच खुर्ची, तेच गॅलरीचं दार. मी शेंगा सोलत खाली बसले होते. आबांची नजर जरा वेळ दाराकडे लागून राहिली, मग हॉलकडे सरकली. सावकाश. माझे हात थांबले.

“आबा, आली का कुणी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी शुद्धीवरचे, माझे नेहमीचे आबा.

“न्हाई,” ते म्हणाले.

आणि पुढे पसरलेले दोन्ही पाय त्यांनी हळूच खुर्चीखाली ओढून घेतले, कुणाला तरी जायला वाट हवी असते तसे.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कॅलेंडरसमोर पेन्सिल घेऊन उभी राहिले. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे.